अर्धा सेकंद उशिरा

तपकीर गल्लीतला तारिक बागवान म्हणतो,
"ताई, ही जात संपली.
कंपनीनं चार वर्षं काढला, मग हात झटकले.
पार्ट हवा तर वरच्याकडे मागा."
तरी महिन्याकाठी कुणीतरी येतंच
त्याच्या काउंटरवर,
हातरुमालात गुंडाळून,
दवाखान्यात आणल्यासारखं.

साबणाच्या वडीएवढा.
झूम नाही; जवळून हवं तर चालत जा.
फ्लॅश नाही; अंधाराचा फोटो अंधारच येतो.
साठ फोटोंत बॅटरी मान टाकते,
आणि बटण दाबल्यावर
हा अर्धा सेकंद विचार करतो,
खिडकीतल्या कारकुनासारखा,
चष्मा वर, चष्मा खाली,
मग खट्.

मी कुमठेकर रस्त्यावर नंबर काढते.
सत्तावीस वर्षं एकच प्रश्न:
आत्ता स्पष्ट, की आत्ता?
भिंगातलं कळतं थोडंफार.
याचं भिंग चांगलंय, उगाच साखर घालत नाही,
पण नुसत्या भिंगासाठी
कुणी एवढे नखरे सोसत नाही.

कुमुदवन्संच्या साठीला सगळ्या रांगेत उभ्या.
पदर सारखे केलेले, दात तयार.
मी "हं" म्हटलं आणि दाबलं.
त्यांना वाटलं, झालं.
खांदे उतरले. हसू ओठांवरून निघून गेलं
आणि मागचं, रोजचं काहीतरी
चेहऱ्यावर येऊन बसलं.
वन्संनी नवऱ्याकडे पाहिलं
(ते जिलबीचं ताट शोधत होते)
आणि तेव्हा कुठे: खट्.

तेवीस वर्षं त्या घरात जाते-येते मी.
वन्सं त्या दिवशी दिसल्या.

रविवारी वेताळ टेकडीवर, खाणीपाशी,
आम्ही सहा-सात जण जमतो, याच वडीवाले.
पिंपरीच्या फाउंड्रीतला प्रभंजन कुदळे,
रक्त तपासणारी शर्वाणी,
कॅम्पातले नोशीरकाका, त्यांच्याकडे तीन आहेत.
दोन मेलेले. "पार्टसाठी ठेवलेत," म्हणतात,
पण महिन्यातून एकदा
मेलेल्यांनाही चार्जिंगला लावतात.

बोलणं तरी काय,
सेल कुठे मिळाला, केवढ्याला,
शटर अडकलं तर कुठल्या कोपऱ्यावर टिचकी मारायची.
एकदा मोर आला अगदी समोर.
सहा बटणं दाबली गेली.
सहाही फोटोंत मोर नुकताच गेलेला,
मागे हलणारं गवत.
प्रभंजन म्हणाला,
"माझं बघा, माझं जास्त हललंय."
आणि खरंच, त्याचंच चांगलं होतं.

मुलगा म्हणतो, आई, माझा फोन
बोट टेकायच्या आधीच फोटो काढून ठेवतो.
ठेवत असेल.
त्याच्या फोनमध्ये मी चारशेदा हसले आहे.

आता एक लाल ठिपका आलाय.
प्रत्येक फोटोत, उजवीकडे वर.
मुठेवर, लकडी पुलावर, वन्संच्या नातवाच्या कपाळाशेजारी,
घाईत भलतीकडे लागलेल्या कुंकवासारखा.
तारिकनं भिंगाखाली धरून बघितलं.
"हा बरा होत नाही," म्हणाला. "वाढेल."
पैसे घेतले नाहीत त्यानं,
तेव्हा मला जरा धस्स झालं.

परवा दुकानात एक आजोबा आले, खडकीचे.
शेवटची ओळ धडाधड म्हणाले,
सगळी चूक.
मी भिंग बदललं. आत्ता स्पष्ट, की आत्ता?
"दोन्ही सारखंच," म्हणाले, ऐटीत.
पूर्वी मी लगेच लिहून टाकायचे.
पेन नुसतं धरून राहिले.
त्यांना वाटलं, झालं. मान खाली गेली,
हात गुडघ्यावर आला.

"मघाचं," ते म्हणाले,
"मघाचं जरा बरं होतं."