दशांशानंतरचा चार

कारा समुद्रातल्या त्या बेटाला नाव होतं,
पण आम्ही ते बोलण्यात कधी वापरलं नाही.
'इथं' आणि 'तिकडं' एवढ्यावर भागायचं.
तिकडं म्हणजे अर्खांगेल्स्क, काकड्या, दात काढणारा डॉक्टर.
इथं म्हणजे तीन लाकडी घरं, सहा कुत्री,
डिझेलच्या गंजक्या पिंपांची ओळ
आणि रूफिना येगोरोव्हना.

दर तीन तासांनी कंदील घेऊन निघायचं.
दारापासून यंत्रांपर्यंत एकशे चाळीस पावलं,
दोर धरून.
झडपांच्या पांढऱ्या पेटीचं दार उघडायचं, श्वास रोखायचा,
आधी दशांश वाचायचा, मग पूर्ण अंश.
दशांश चंचल, माणसाच्या नुसत्या उबेनं सरकतो.
अंश थांबतात.

पहिल्याच आठवड्यात तिनं बजावलं होतं,
"शून्य आणि रेघ एक नव्हे, येमेल्यान.
शून्य म्हणजे कुणीतरी गेलं, पाहिलं, काही नव्हतं.
रेघ म्हणजे कुणी गेलंच नाही."
मी मान डोलावली.
बाविसाव्या वर्षी मान फार सहज डोलते.

डिसेंबरात, पहाटे तीनला
(पहाट आपली म्हणायची; सूर्य जाऊन महिना उलटला होता)
वारा घराचे खिळे उपटायला बसला होता.
बाराला उणे एकतीस होतं. सहालाही तेवढंच असणार.
मी शेगडीपाशी बसून लिहिलं, उणे ३१.४,
आणि बिनतारीवरून पाठवूनही दिलं.
कुठल्याशा कचेरीत, कुठल्याशा नकाशावर
माझा चार जाऊन बसला,
खऱ्या आकड्यांच्या मांडीला मांडी लावून.

सकाळी ती वही उघडून उभी.
दाराशी माझे बूट.
बुटांखाली पाण्याचा ठिपका नाही.
तिनं पानावर बोट ठेवलं.
"एकतीस समजू शकते.
हा चार कुठून आणलास?"

ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग फळीवरची एक जुनी वही काढली. मार्च महिना.
पंधरा वाजताची नोंद प्रोखोरच्या हातची,
अक्षरं वाऱ्याला लागल्यासारखी तिरकी, साताला आडवी काडी.
अठराची तिच्या हातची. उणे २८.७.
ईशान्य वारा, सेकंदाला बावीस मीटर. दृश्यता पन्नास.
एकवीसची तिची. शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द:
निरीक्षक बदलला.
मग रात्रीची, मग तीनची, सहाची.
रेघ कुठेच नाही.

"दोर हातातच होता त्याच्या," ती म्हणाली,
"परतीच्या वाटेवर, साठाव्या-सत्तराव्या पावलावर.
हातमोज्यात चिठ्ठी होती आकड्यांची.
मी जाऊन ताडून पाहिलं, तोवर आठ झाला होता.
पण मी सातच लिहिला.
त्यानं सात पाहिला होता."

वही मिटून ती कुत्र्यांना मासे तोडायला गेली.
खूप उशिरा माझ्या ध्यानात आलं,
तिच्या सरळ, गोल अक्षरांत
त्या एकाच साताला आडवी काडी होती.

माझा चार मी खोडला.
नियम असा, की खोडलेलं वाचता यायला हवं.
म्हणून तो आजही वाचता येतो,
वरून रेघ, शेजारी माझी सही.

ऑगस्टात जहाज आलं, त्यातून एक लोखंडी खांब उतरला,
बॅटऱ्या, तबकड्या, बारीक डोळ्यांची यंत्रं.
आता कुणी जायला नको.
रूफिना लेकीकडे राहते, पाचव्या मजल्यावर,
घरात उकडतं म्हणून तक्रार करते,
आणि खिडकीबाहेर टांगलेल्या थर्मामीटरवर
तिचा काडीचा विश्वास नाही.

लोक मला विचारतात, किती थंडी असायची हो तिकडं?
('तिकडं' आता उलटं झालंय.)
मी सांगतो. दशांशासकट सांगतो. सगळं पाठ आहे.
डिसेंबरातली एक रात्र सोडून.
बारा ते सहाच्या मधलं
मला माहीत नाही.