समुद्रसपाटीपासून

स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली
बारीक अक्षरांत लिहिलंय,
समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर आणि वर थोडं.
इंदुरात समुद्राचा उल्लेख एवढाच.
बाकीचा समुद्र माझ्याकडे आहे,
राजेंद्रनगरात, मागच्या खोलीत,
शिवणयंत्राचं झाकण मिटून त्यावर ठेवलेल्या लॅपटॉपमध्ये,
रात्री नऊ ते पहाटे सहा.

लोकांच्या खाजगी बोटींना मी वाट सांगते.
कुठल्या खाडीत नांगर धरतो,
कुठे तळाला नुसतं गवत, सुटून येतो.
सेंट व्हिन्सेंटच्या आडोशाने उत्तरेला निघालात
तर बेटाची सावली संपते तिथे वारा एकदम अंगावर येईल,
शीड आधीच एक घडी कमी करा.
बेक्वेला पाणी भरून घ्या.
युनियन बेटावर कागद दाखवा, शिक्का घ्या,
अधिकारी जेवायला गेला असेल तर थांबा, चिडू नका.
पावकी-निमकीसारखं पाठ आहे सगळं.

पोहता येत नाही मला.
बिलावलीच्या तलावात एकदा पॅडलबोटीत बसले होते,
भाचा पाय मारत होता
आणि मी वीस मिनिटं
बोटीची कड धरून बोटीलाच थांबवत होते.

पहाटे चारला ‘पेशन्स’चा फोन येतो.
म्हातारा आहे, एकटा आहे, हॅलोरन नावाचा.
त्याच्याकडे कालची संध्याकाळ अजून बुडायची असते,
माझ्याकडे आजचा दूधवाला फाटक वाजवून गेलेला.
वारा विचारतो, लाटांची उंची विचारतो,
मग उगाच थांबतो.
“आधी नांगर उचलायला मी पुढे असायचो, सुकाणूवर ती.
आता मीच पुढून मागे पळतो.
बोट तेवढ्यात भलतीकडे तोंड करते.”
अशा वाक्याला काय उत्तर द्यायचं
हे आमच्या प्रशिक्षणात नव्हतं.

नोव्हेंबरात त्याने विचारलं, तुम्ही आलात का कधी इकडे?
हे मात्र प्रशिक्षणात होतं. नाही म्हणायचं नाही.
म्हटलं, हो. ग्रेनाडाला.
“मग सांगा,
रात्री तिथे पोचताना, दिवे दिसायच्याही आधी,
कशाचा वास येतो?”

मिनिटाला डॉलर मोजणारी ती लाइन.
नकाशात वास नसतात.
मागे ओट्यावर सकाळसाठी टांगलेला चक्का ठिबकत होता,
थेंब, मग बराच वेळ काही नाही, मग थेंब.
“जायफळ,” मी म्हटलं.

पलीकडे बोटीच्या पोटावर पाणी आपटत होतं.
“हो,” तो म्हणाला. “त्या वासाने ती झोपेतून उठायची.”
आमच्याकडे त्यानेच तर झोपवतात,
सहाणेवर दोन वळसे, पोराच्या दुधात.
हे मी बोलले नाही.
आधीच एक खोटं बोलून झालं होतं
आणि ते खरं निघालं होतं.

आज म्हणाला, बोट विकली.
परवा शेवटचं जायचं, कॅरियाकूपर्यंत, घेणारा तिथे भेटेल.
हवामान मी दोनदा तपासून सांगितलं.
छान आहे, पूर्व-ईशान्य, जोर बेताचा.
“आणि तुमच्याकडे?”

असं कुणी विचारत नाही.
हेडफोन गळ्यात, फोन हातात, अनवाणी गच्चीवर गेले.
थंड फरशी. केसरबागेकडून एक ट्रक.
खासगीवाल्यांची चादर रात्रभर बाहेरच राहिलेली,
दोरीवर पोट काढून उभी.
कुठून फुगते, ते पाहिलं.
“ईशान्येकडून,” मी सांगितलं. “जोर बेताचा.”
“म्हणजे माझाच वारा,” तो हसला.
“मग सुटा की तुम्हीही. नैर्ऋत्येला. पाणी लागेल कधीतरी.”
आणि लाइन गेली, की त्याने ठेवला, कळलं नाही.

सहाला अजून दीड तास होता.
लॅपटॉपवर कुणीतरी वाट विचारत असणार.
मी खासगीवाल्यांच्या चादरीचा
एक चिमटा काढला.
दुसऱ्यावर बोट ठेवून
जरा वेळ तशीच.