ताटाला कान

पोषण महिन्याचे छापील तक्ते गोदामातच अडकले,
मॅडमचा मेसेज: हातानेच काढा, सोपं असू द्या,
गोल काढा, चार भाग करा, रंगवा. शुक्रवारी येते.
खाली जोडलेले दोन हात.

खारदांड्याच्या नाक्यावरून कार्डशीट आणलं,
गोलासाठी घरच्या कुकरचं झाकण.
पेन फिरवत फिरवत निघाले तिथे परत आले
तर गोल कुठला? अंडं!
बावीस वर्षं त्या झाकणाशी झटापट,
तिरकं घाल, आडवं फिरव, मग बसतं.
ते गोल नसतं हे हाताला ठाऊक होतं,
हाताने मला कधी सांगितलं नाही.

असू दे. अंड्याचे चार भाग केले.
एकात भाकरी (ती मात्र गोल आली, सवयीने).
एकात पालेभाजी, म्हणजे हिरवा गुंता.
एकात डाळ. पिवळं स्केचपेन वाळलेलं,
म्हणून चमचाभर पाण्यात हळद कालवली
नि बोटाने सारवली. दवाखानाभर वास,
जणू डाळीचंच लग्न निघालंय.
चौथ्यात मासा.

लीलावती केणी बीपी तपासायला आलेल्या,
पट्टा दंडाला, नजर माझ्या माशावर.
"ह्यो कंचा मावरा गो?"
म्हटलं, बांगडा.
"बांगडा? ही तं चप्पल हाय पायातली.
आनि डोला कुठंय? डोला बघून घेतात मावरा,
बिनडोल्याचा कोन घेल?"
पट्ट्यासकट हात पुढे करून पेन घेतलं,
दोन रेघांत शेपूट, एका टिंबात डोळा.
मासा लगेच माझ्याकडे बघायला लागला.
बीपी भरलं एकशे साठ.
"तुज्या चपलीनं चढवलं," म्हणाल्या.

वजनकाट्यावरून एल्विन ओरडला,
"आन्टी, चहा-खारी कुठंय?"
ती मी ताटाबाहेर काढली, लहानशी.
"बाहेर म्हणजे चालते?"
"अधूनमधून."
"रोज अधूनमधून?"

फुलमती कोपऱ्यात, पाचवा महिना,
लोहाच्या गोळ्या पदराच्या गाठीत.
"दीदी, ये थाली किसकी है?"
पाठ केलेलं म्हटलं: सगळ्यांची. तुझीपण.
ती हसली. "मेरा तो थाली नहीं होता.
सबका हो जाता है, तो कढ़ाई में ही खा लेती हूँ."
तक्रार नव्हती ती.
चित्रातली चूक दाखवावी तसं सांगितलं,
केणीबाईंनी डोळ्याचं सांगितलं तसं.

पेन परत माझ्याच हातात आलेलं.
अंड्याच्या दोन्ही अंगांना एकेक कान काढला.
कढई झाली. आतलं सगळं जागच्या जागी,
भाकरी, गुंता, हळद, बघणारा बांगडा.
फुलमतीने मान हलवली: अब ठीक.
"बूड कालं कर जरा," केणीबाई म्हणाल्या,
"म्हंजे खरं वाटंल."
केलं काळं.

शुक्रवारी मॅडम आल्या. चष्मा वर, चष्मा खाली.
"हे काय?"
"ताट, मॅडम."
"ताटाला कान?"
इथे मला काहीतरी चांगलं सुचायला हवं होतं.
ते सुचलं रात्री, भांडी घासताना.
तेव्हा नुसतं म्हटलं,
"कुकरच्या झाकणामुळे."
त्यांनी फोटो काढला. चौकटीत मावेना,
म्हणून दोन्हीकडून थोडा कापला.
कान गेले. अंडं वर पोचलं.
शेरा आला: छान! पुढच्या वेळी गोल काढा.

तक्ता अजून आहे भिंतीवर.
फुलमती येते तेव्हा आधी
कान आहेत ना, ते बघून घेते.
परवा रात्री उंदराने कुरतडला
तो नेमका डाळीचा भाग. माशाला तोंड नाही लावलं.
केणीबाई म्हणतात, डोला बघून भ्याला.
एल्विनचं म्हणणं, उपास असेल.