वाळवणाचा हिशेब

ओरासियु बाराँकला मी ओळखलं ते चालण्यावरून.
चौदा वर्षांपूर्वीही असाच आला होता, टाच आधी टेकत,
फक्त तेव्हा गळ्यात मूळ कंपनीचा पट्टा होता
आणि दिवसाचा दर आताच्या दुप्पट.
आता स्वतःचं कार्ड, कडेला कॉफीचा डाग.
"तेव्हा मी त्यांचा होतो," म्हणाला,
"आता कुणाचाच नाही. म्हणून स्वस्त."

आमच्या गाफान्याच्या धक्क्यावर नॉर्वेचा कॉड उतरतो,
मिठात निजतो,
मग वाळवणाच्या खोल्यांत दिवसागणिक हलका होत जातो.
गोदामाला कुलूप, चोरी नाही, मांजर नाही,
तरी आत गेलेले शंभर किलो
बाहेर येताना अठ्ठ्याहत्तर.
माणसांना यात नवल वाटत नाही.
सॉफ्टवेअरला हे पटवताना मात्र
आमचा एक अख्खा हिवाळा गेला होता.

आता ते सॉफ्टवेअरच थकलं.
पुढल्या डिसेंबरनंतर दुरुस्ती बंद, असं पत्र आलं;
खाली सही नव्हती, नुसता पत्ता.

आमचे मालक विलारिन्यु काटकसरी.
दोन्ही सल्लागारांना एकाच गुरुवारी बोलावलं,
म्हणजे कॉफी एकदाच करावी लागेल.

मूळ कंपनीकडून बेनेदिता सालेमा आली,
अठ्ठेचाळीस पानांची निविदा आणि सर्दी घेऊन.
लॅपटॉप उघडला आणि सरळ आमच्या जुन्या कोडमध्ये उतरली,
परक्या स्वयंपाकघरात एकेक डबा उघडून हुंगावा तशी.
एका ओळीशी थांबली. मोठ्याने वाचलं:
"तात्पुरतं आहे. नंतर बदलणे. ओ. बा."

ओ. बा. समोरच बसून पाणी पीत होते.

"शून्य पूर्णांक नऊ आठ तीन. हा आकडा कुठला?"
त्याने सारवासारव केली नाही.
"एर्मिनियाच्या अंगठ्यातला," म्हणाला.
"ती मासा दाबायची आणि सांगायची, अजून दोन दिवस.
मी तीन आठवडे तिच्या मागे तराजू घेऊन हिंडलो."
बेनेदिताने नाक पुसलं.
"नव्या आवृत्तीत याला तयार रकाना आहे.
आकडा मात्र तुम्ही भरायचा."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं.
तिला नवं घर ठाऊक, त्याला जुनं.
तिच्यामागे हजार माणसं, त्यातलं कुणी फोन उचलेल
याची खात्री कलम एकोणिसात.
त्याच्यामागे कुणी नाही, पण तो स्वतः उचलतो,
रविवारीसुद्धा, कुत्र्याला फिरवताना.
आणि तो एकसष्टचा आहे.
ही गोष्ट मी टिपणात लिहिली, मग खोडली,
मग पुन्हा लिहिली, कारण नाताळच्या आठवड्यात रात्री दोनला
ट्रक भरून उभे असतात आणि बिल छापलं जात नाही
तेव्हा स्नेह कामाला येत नाही.

काम मी तिला दिलं.
त्याला नऊ दिवस दिले, मागचं सगळं लिहून काढायला;
पैसे टाकले छताच्या दुरुस्तीच्या खात्यात.
"छत?" तो हसला. "बरोबर आहे. गळतंय ते मीच ठेवलेलं."

सही सोमवारी होती.
रविवारी बसने मी एश्पिन्युला गेले,
पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला मासा.
लेकीच्या बाल्कनीत एर्मिनिया बसली होती.
तिने मला ओळखलं नाही.
कारखान्याचं नाव सांगितलं, तेही नाही.
मासा मांडीवर ठेवला
तर अंगठा आपोआप गेला शेपटीकडून चौथ्या बोटावर,
दाबला, थांबला.

"यात पाणी आहे अजून," ती म्हणाली,
थोडी रागानेच, जशी मी घाई केली होती.

"किती?" मी विचारलं, आणि वही काढली.