सहावी जागा

व्हटकरांचं चपलांचं दुकान नऊला बंद होतं,
मग शिकलगार मास्तरांची शाळा भरते.
शटरच्या आडव्या पट्ट्यांतल्या पाच निवडून
त्यांनी केव्हातरी पांढऱ्या ऑइलपेंटनं ओढून ठेवल्यात.
समोर गंगावेशीत म्हशी दुधासाठी उभ्या,
पेल्यांवर फेस,
आणि आमच्या हातात लग्नसराईत चेपलेलं पितळ.

मला ट्रॉम्बोन दिला.
का विचारलं तर म्हणाले, हात लांब हायत तुझे.
(तेवढे लांब नाहीत. ते पुढं कळलं.)

पहिले बारा दिवस नुसतं तोंडाचं कांडं.
ओठ मिटून आत गांधीलमाशी कोंडायची.
"गाल फुगवू नको, तितं हवा साठवून काय इकायची हाय?"
श्वास पोटात. खांदे वर गेले की पट्टी हळूच टेकायची:
"खांद्यांस्नी हमाली लावू नको."
आणि जीभ?
भाजक्या शेंगेचं फोलपट ओठावरनं उडवतो ना,
तेवढीच.
भाकरी थापताना मी ते उडवत बसले,
आईनं विचारलं, दात दुखतोय का गं.

तेराव्या दिवशी पहिला सूर.
सूर कसला, ओल्या फरशीवरून ओढलेलं कपाट.
कट्ट्यावरनं एका म्हशीनं उत्तर दिलं,
लांब, खालचं, न थरथरता.
कॉर्नेटची पोरं वाकून वाकून हसली.
मास्तर मात्र कान देऊन ऐकत राहिले.
"ती बराबर हाय," म्हणाले. "तू जरा वर घे."

मग खडू. पोकळ गोल: चार मोजायचे.
त्याला काडी फुटली: दोन.
आतून काळा भरला: एक.
"जेवढं भरशील तेवढं लवकर सरतंय बघ."
कानासारखी एक खूण, तिच्या पाठीशी दोन टिंबं,
टिंबांच्या मधली रेघ म्हणजे एफ.
"चुकलीस की हितं यायचं. हे घर."
आणि रेघेला खालून टांगलेली काळी वीट:
चार मोजून गप्प.
खराडेंच्या प्रज्योतला हे कधीच जमलं नाही,
साइड ड्रमच्या काड्या त्याच्या हातात
विटेच्या आधीच वळवळायच्या.
"लेका, गप्प बसायचा बी पगार मिळतोय बँडात.
फुकट का घालवतोस?"

कॉर्नेटला तीन बटणं. दाबली की झालं.
मला एक सरकती नळी, जिच्यावर काहीच लिहिलेलं नाही.
सात जागा. पहिली तोंडाजवळ,
तिसरी भोंग्याच्या काठाशी, चौथी त्याच्या किंचित पुढं,
बाकीच्या नुसत्या हवेत.
मी नेलपॉलिशचे लाल ठिपके दिले.
मास्तरांनी थिनरचं फडकं मागवलं.
रागावले नाहीत. पुसता पुसता म्हणाले,
"वरातीत रात्री बाराला, डोक्यावर ट्यूब धरलेली माणसं
पुढं निघून गेली की दिसणार हाय का हे तुला?"

सहावीला माझा हात पुरत नाही.
सूर चढा लागतो, दरवेळी, केसभर.
"अंगठा सोड. मनगट सोड.
दोन बोटांच्या टोकावर ऱ्हाऊ दे तिला.
जागा डोळ्यानं न्हाई गावत, पोरी,
कान म्हणंल तितं थांबायचं."

आज दुपारी त्याच रस्त्यानं गेले.
शटर वर गेलेलं. आमच्या पाच रेघा,
पोकळ गोल, गप्प बसायच्या विटा,
सगळं त्या गुंडाळीत बंद.
खाली एक बाई नवी चपल घालून
चार पावलं पुढं, चार मागं,
करकर नीट वाजतीय का ऐकत होती.

उन्हात उभी राहिले. डोळे मिटले.
उजवा हात सुटला पुढं, पाचवी, सहावी,
तिथं थांबला नाही, अजून केसभर.
आतल्या आत, घसा न हलवता, तो लागला.

"काय दावू?" व्हटकरकाकांनी विचारलं.
मी नुसती मान हलवली.
बोलता येत नव्हतं,
अजून एक मोजायचा राहिला होता.