सहा हजार सातशे बारा

खांग मास्तर सायकल भिंतीला टेकवून आत आले.
पिशवीतून निघाली गावदेवळाची वही,
दो झाडाच्या सालीचा कागद, कडेला वाळवीची जाळी.
"एवढी उतरवून ठेव, दीएप.
तुझ्या त्या यंत्रात."

पहिलंच अक्षर होतं 'अक्षर'.
म्हणजे आमच्या जुन्या लिपीत
'अक्षर' या शब्दासाठी जे चिन्ह आहे, ते.
मी टाइप केलं, आणि पडद्यावर उमटलं
उत्तर थायलंडच्या मठांतल्या पोथ्यांमधलं
एक वेटोळं.
मास्तरांनी चष्मा कपाळावर नेला:
"हे कोण?"

दोष सापडायला वेळ लागला नाही.
लाज जायला लागला.
ही प्रणाली आम्ही सात जणांनी लिहिली,
हुएच्या शाळांतल्या भंगार संगणकांसाठी,
आणि बावीस वर्षांपूर्वी कुणीतरी
(मीच)
प्रत्येक अक्षराला सोळा बिट मोजून दिले.
पासष्ट हजार पाचशे छत्तीस खोल्या.
जगाला पुरून उरतील, असं वाटलं.
तेविसाव्या वर्षी जग तेवढंच असतं.

मास्तरांच्या अक्षराचा घरक्रमांक
एक लाख सदतीस हजार सातशे चौऱ्याऐंशी.
प्रणालीने वरचे बिट छाटले,
उरले सहा हजार सातशे बारा,
आणि पाहुणा सोडून आली परक्याच्या दारात.

बदलायची ओळ एकच होती.
सोळाच्या जागी बत्तीस.
बदलली, आणि सगळं बसकण मारून बसलं:
शोध, क्रमवारी, कर्सर,
प्रिंटरने तर नुसते कोरे कागद ओकले.
जिथे जिथे मी गृहीत धरलं होतं
की याच्यापुढे काही नाही,
तिथे तिथे.
एकशे बारा जागा. मोजल्या.
एका जागी माझंच टिपण मिळालं:
'पुढे बघू.'

तिसऱ्या आठवड्यात अक्षर आपल्या घरी उतरलं.
मास्तर वाकले, बघत राहिले.
"डावा फराटा आखूड आहे," म्हणाले.
मग एकेचाळिसाव्या पानावर बोट:
"आणि हे?"
गावच्या कुठल्याशा कारकुनाने
बेडकांच्या ओरडण्यासाठी
दोन चिन्हं जोडून केलेलं तिसरं.
जगाच्या यादीत नाही.
खोल्या आता अकरा लाखांवर,
कित्येक रिकाम्या,
पण याला क्रमांकच कुणी दिलेला नाही.

मी तिथे चौकट सोडली.
मास्तरांनी छापलेलं पान घेतलं,
शर्टाच्या खिशातलं बॉलपेन काढलं,
आणि जीभ दातांत धरून
चौकटीत ते लिहिलं,
जरा बाहेर गेलं.