गाळा क्रमांक चार

कुंदा ओझरकरने मोस्तारहून फोटो पाठवला:
उस्मानी सुलतानांच्या काळातला पूल,
एका ढांगेत हिरवी नदी ओलांडणारा,
आणि कठड्यावर एक उघडं पोर, झेपावायच्या बेतात.
खाली लिहिलं होतं, 'लढाईत पडला होता.
पुन्हा बांधलाय, तसाच. हात लावून पाहिला.
ऊन होता दगड.'

मी तेव्हा ठाण्यात, निवृत्तीच्या कागदांसाठी
तिसऱ्या खिडकीपाशी.
अठ्ठावीस वर्षं महापालिकेच्या नकाशाघरात
मी कळव्याचा जुना पूल काढत आले,
ट्रेसिंगवर, शून्य पूर्णांक तीनच्या पेनाने,
कमानीमागून कमान, कंपासचं टोक
दरवेळी त्याच जुन्या भोकात.
खालून तो कधी पाहिलाच नव्हता.

शनिवारी साडेदहाची ओहोटी.
हसुराम केण्यांची होडी, इंजिन बंद, वल्ह्यावर.
नव्या पुलावरून गाड्या चाललेल्या,
जुन्याच्या तोंडाशी पत्रा ठोकलेला,
पत्र्यावर कुणाची तरी गोधडी वाळत.
चिखलाचा वास आधी घशाला लागला,
मग त्याची सवय झाली,
मग कमान अंगावर आली.
नकाशात ती अर्ध्या इंचाची होती.

खांबांना कालवं चिकटलेली, भरतीच्या रेघेपर्यंत,
त्यावर शेवाळ, त्यावर कोरडा काळा दगड,
सांध्यांतून चुना पाझरून आलेले पांढरे ओघळ,
एका सांध्यात उंबराचं रोप, करंगळीएवढं,
आणि छिन्नीचे घाव.
एका दगडावर तिरके, शेजारच्यावर सरळ:
दोन माणसं बसली असतील इथे,
त्यातला एक डावखुरा.
मी हात लावला. गार. ओला.
वास हाताला राहिला, जेवताना कळलं.

'ह्यो आमचा गाला,' हसुराम म्हणाले,
'माजे बापाचा. पलीकडचा भोईरांचा,
त्याचे पल्याड नाखव्यांचा.
पानी उतरला का ज्याचे गाल्यान त्याची जाली.
बोय गावाची. निवट्या गावाच्या.'
आणि आता?
'आता पिशव्या गावतान.'

माझ्या नकाशात गाळ्यांना क्रमांक होते.
डावीकडून उजवीकडे.

मी कुंदाचा फोटो काढून पुढे धरला.
फोनची काच उन्हात चमकली,
त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलची सावली केली
आणि बराच वेळ पाहिलं.
'पानी चांगला हाय.'
मग बोट कमानीवरून एकदा गेलं, एकदा परत आलं.
'एकच गाला?'
एकच, मी म्हटलं, त्याचीच तर ख्याती,
एवढ्या पाण्यावर मधे एक खांब नाही.
'मंग बाकीचे घरांनी कय करावाचा?'

वल्हं थांबलं होतं.
होडी आपसूक भोईरांच्या गाळ्यात शिरली,
सावली डोक्यावरून पुढे सरकली,
वरून एक थेंब नेमका माझ्या भांगात.
मी भार, रुंदी, उंची, दगडाचं वजन
सगळं सांगू शकले असते.

घरी येऊन कुंदाला लिहिलं:
तो पोरगा उडी मारून वर आला ना?
आणि पुलाखालचे मासे कुणाचे, ते विचार.
दोन दिवसांनी उत्तर आलं, दुसऱ्याच गावाहून:
'विचारायचं राहिलं गं. बस सुटत होती.'

महिनाअखेर, नकाशाघरातला शेवटचा दिवस.
समोशांची बशी टेबलावर निवत होती.
मी जुनी गुंडाळी मागून घेतली, उलगडली,
कोपऱ्यांवर चार पेपरवेट ठेवले
आणि क्रमांकांखाली, शिसपेनीने,
कुणाला खोडायचंच झालं तर खोडता यावं असं,
लिहिलं: केणी. भोईर. नाखवा.

चौथ्याचं विचारायला हवं होतं.
तिथे एक टिंब दिलं,
आणि हसुरामांचा नंबर.